नागाशिनोनंतरची सात वर्षं: ताकेदा घराणं नेमकं कुठं बुडालं?

केस स्टडीत नावं बदलायची पद्धत असते. इथं ती पाळत नाहीये, कारण यातली सगळी मंडळी ४४० वर्षांपूर्वीच गेलीत आणि नावं झाकली तरी जपानचा इतिहास थोडाफार वाचलेला माणूस दोन मिनिटांत ओळखेल. प्रकरण काई प्रांतातल्या ताकेदा घराण्याचं आहे. काई म्हणजे आजचा यामानाशी, फुजी डोंगराच्या उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख.

गोष्ट साधारण अशी सांगितली जाते की बाप शिंगेन म्हणजे वाघ, पोरगा कात्सुयोरी म्हणजे अडाणी हेकट, त्यानं १५७५ ला नागाशिनोच्या मैदानात ओदा नोबुनागाच्या (पश्चिमेकडचा, तेव्हाचा सगळ्यात बलाढ्य सरदार) बंदुकांवर घोडदळ घातलं आणि घराणं संपलं. मीही बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो. मग एकदा तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि गडबड लक्षात आली, नागाशिनो १५७५ ची आणि घराणं संपलं १५८२ ला. मधे सात वर्षं आहेत. आणि त्या सात वर्षांत हे लोक काही कोपऱ्यात बसून रडत नव्हते, १५८० च्या सुमाराला पूर्वेकडं त्यांची हद्द शिंगेनच्या काळापेक्षा पुढं गेली होती. मग १५८२ मधे हाच डोलारा चाळीसेक दिवसांत कसा कोसळला, हा खरा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

काई गरीब मुलूख. समुद्र नाही, भातशेतीला सपाट जमीन कमी, आणि जी आहे तिच्यावर दर काही वर्षांनी नदी चढून यायची. वर आत छोटे छोटे जमीनदार आपापल्या खोऱ्यात राजे. घराणं मिनामोतो वंशातलं, जुनं, मानाचं, पण मान वेगळा आणि हुकूम चालणं वेगळं. शिंगेनचा बाप नोबुतोरा यानं मारून-मुटकून प्रांत एकत्र केला आणि १५१९ ला कोफू इथं त्सुत्सुजिगासाकीचा वाडा बांधून राजधानी वसवली.

१५४१ ला पोरानं बापाला हाकलून दिलं. रक्ताचा थेंब न सांडता. नोबुतोरा जावयाला भेटायला शेजारच्या सुरुगा प्रांतात इमागावांकडं गेला, आणि मागं हद्द बंद. वीस वर्षांचा हारुनोबू, म्हणजे पुढचा शिंगेन, गादीवर बसला आणि सरदार गप्प राहिले, कारण त्यांनाच म्हातारा नको होता. हे लक्षात ठेवा, या घरात धनी कोण हे सरदारांच्या मर्जीवर ठरलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

शिंगेन कारभारात खरंच हुशार होता, नुसता लढवय्या नाही. कुरोकावाच्या सोन्याच्या खाणी, कामानाशी नदीला घातलेले बांध (त्यांना आजही शिंगेनचे बांध म्हणतात), आणि १५४७ चे कायदे. त्या कायद्यात एक कलम आहे की मी स्वतः नियम मोडला तर कोणीही, लहान असो मोठा असो, माझ्याविरुद्ध तक्रार करावी. कागदावर का होईना, १६ व्या शतकातला सरंजामदार असं लिहून देतोय.

पण मूळ रचना बदलली नाही. दक्षिणेच्या कावाउचीत आनायामा, पूर्वेच्या गुन्नाईत ओयामादा, नंतर पश्चिमेला जिंकलेल्या डोंगरांत किसो, ही घराणी नावाला सरदार होती पण त्यांचा मुलूख त्यांचाच, माणसं त्यांचीच. शिंगेननं त्यांना बांधलं ते सोयरिकीनं, ओलिसांनी आणि जिंकण्यानं. आनायामा तर बहिणीचा मुलगा आणि वर जावई. किसोही जावई. दरवर्षी नवा मुलूख, नवी वाटणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझ्या किल्ल्याला वेढा पडला तर धनी फौज घेऊन येतोच हा भरवसा. सगळी गाडी या भरवशावर चालत होती.

बाकी कहाणी पटकन सांगतो. उत्तरेला शिनानो गिळला, त्यापायी उत्तरेकडचा सरदार उएसुगी केन्शिन याच्याशी कावानाकाजिमावर १५५३ ते १५६४ मधे पाच वेळा गाठ पडली, चौथ्या वेळी, १५६१ ला, सख्खा भाऊ नोबुशिगे गेला. १५५४ ला दक्षिणेचे इमागावा आणि पूर्वेचे होजो या दोन शेजाऱ्यांशी तिहेरी सोयरीक. १५६० ला ओकेहाझामात नोबुनागानं इमागावा योशिमोतोला मारलं, इमागावा खिळखिळे झाले आणि शिंगेनची नजर त्यांच्या सुरुगावर गेली. सुरुगाला समुद्र आहे ना. थोरला मुलगा योशिनोबू इमागावांचा जावई, तो आडवा आला. १५६५ ला कट उघड झाला म्हणून योशिनोबूचा जुना पालक ओबू तोरामासा याला पोट फाडून घ्यावं लागलं, योशिनोबूला देवळात कोंडलं आणि १५६७ ला तो तिथंच मेला. पुढच्या वर्षी शिंगेन सुरुगात घुसला.

म्हणजे समुद्र मिळवला पण वारस घालवला. पुढच्या सगळ्या भानगडीचं बी इथं पडलंय असं माझं मत.

नेमकी अडचण

उरला चौथा मुलगा कात्सुयोरी, जन्म १५४६. त्याची आई सुवा घराण्यातली, आणि हे सुवा म्हणजे शिंगेननं १५४२ ला बुडवलेलं घराणं. आजोबाला शिंगेननंच मरायला लावलेलं. कात्सुयोरीला वाढवलं सुवांचा वारस म्हणून, नावही सुवा शिरो कात्सुयोरी, ताकेदांच्या नावात पिढ्यान्‌पिढ्या येणारं 'नोबु' त्याच्या नावात नाही. जुन्या सरदारांच्या लेखी तो कालपर्यंत बरोबरीचा, बाहेरच्या खोऱ्याचा एक सरदार होता.

शिंगेन १५७३ च्या सुरुवातीला मिकाताहाराला नोबुनागाचा दोस्त तोकुगावा इएयासू याचा धुव्वा उडवून पश्चिमेकडं सरकत होता, आणि मोहिमेतच आजारी पडून मे महिन्यात वारला. ताकेदांची जी बखर आहे तिच्यात म्हटलंय की त्यानं मरताना सांगितलं, माझं मरण तीन वर्षं लपवा, आणि खरा वारस नातू नोबुकात्सू, कात्सुयोरीनं तो मोठा होईपर्यंत फक्त सांभाळायचं. बखर नंतरची, त्यातलं सगळंच घेता येत नाही. पण तेव्हाचे सरदार त्याच्याकडं कसं बघत असतील त्याचा अंदाज यातून येतो. २७ वर्षांचा माणूस, हातात प्रचंड फौज, आणि खुर्चीवर 'तात्पुरता' अशी पाटी.

अशा माणसापुढं एकच रस्ता दिसतो, जिंकून दाखव. त्यानं दाखवलंही. १५७४ ला तोतोमी प्रांतातला ताकातेन्जिन किल्ला घेतला, जो शिंगेनलाही मिळाला नव्हता. इथं लोक म्हणतात पोरगं शेफारलं. मला तसं वाटत नाही, पण या किल्ल्याचं नाव लक्षात ठेवा, पुढं तोच गळ्यात अडकणार आहे.

पहिला निर्णय: नागाशिनो, १५७५

नागाशिनोचा किल्लेदार ओकुदाइरा आधी ताकेदांकडं होता, शिंगेन गेल्यावर इएयासूकडं पळाला, तेव्हा कात्सुयोरीनं त्याचे ओलीस मारले. १५७५ ला १५ हजार फौज घेऊन तो हा किल्ला परत घ्यायला आला. आत जेमतेम ५०० माणसं. किल्ला पडायलाच आला होता तोवर नोबुनागा आणि इएयासू मिळून ३८ हजारांच्या आसपास फौज घेऊन पोचले आणि ओढ्यामागं लाकडी कुंपण घालून बसले.

पर्याय तीन. माघार घ्यायची, झटपट किल्ला घेऊन त्यात बसायचं, किंवा समोरच्या फौजेवर चालून जायचं. बाबा आणि यामागाता या आडनावांचे जुने सेनापती माघार घ्या म्हणत होते असं बखर सांगते. कात्सुयोरी चालून गेला.

बंदुकांच्या तीन रांगा आळीपाळीनं झाडल्या वगैरे चित्र आता बरेच अभ्यासक मानत नाहीत, तीन हजारांचा आकडाही वादातच आहे, पण बंदुका भरपूर होत्या आणि शिसं-दारूही भरपूर होती हे नक्की. साकाईसारखं बंदर नोबुनागाच्या हातात, परदेशी माल तिथं उतरतो, डोंगरातल्या ताकेदांना तोच माल मिळवताना नाकी नऊ. लढाईआधीच्या रात्री इएयासूचा सरदार साकाई तादात्सुगू मागून डोंगरानं फिरून आला आणि पहाटे किल्ल्याला वेढून बसलेल्या टेकडीवरच्या ताकेदांच्या चौक्या मारल्या. म्हणजे मागची वाट गेली, आता पुढंच जायला हवं. ही गोष्ट सोडून दिली की कात्सुयोरी वेडा वाटतो, ती धरली की बिचारा अडकलेला वाटतो.

यामागाता, बाबा, नाइतो, हारा, सानादा घराण्यातले दोघे भाऊ, सगळे त्या एका दिवसात गेले. शिंगेनची अख्खी पिढी. नुकसान भयानक होतं यात वादच नाही, पण नोबुनागा लगेच काईत घुसला नाही. कात्सुयोरीनं फौज पुन्हा उभी केली, नवी भरती, नवे सरदार, आणि १५७७ ला होजोंचा प्रमुख उजिमासा याची बहीण बायको करून पूर्वेची हद्द पक्की केली. सावरला की तो.

दुसरा निर्णय: उएसुगींच्या भांडणात कोणाची बाजू, १५७८

माझ्या मते खरा फाटा इथं फुटतो, आणि गंमत म्हणजे यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

१५७८ च्या वसंतात केन्शिन अचानक वारला. पोटचा मुलगा नाही, दत्तक दोन. एक कागेकात्सू, बहिणीचा मुलगा. दुसरा कागेतोरा, जन्मानं होजो, म्हणजे कात्सुयोरीच्या नव्या बायकोचा सख्खा-सावत्र काय म्हणाल ते, पण भाऊच. दोघं गादीसाठी भिडले. उजिमासानं मेव्हण्याला सांगितलं की आमच्या माणसाला मदत कर.

कात्सुयोरी फौज घेऊन निघाला. पण कागेकात्सूनं निरोप धाडला, सोनं देतो, कोझुके प्रांतातला मुलूख सोडतो, तहाचं बघा. आता त्याच्या जागी बसून बघा:

कागेतोराला जिंकवलं तर उत्तरेला होजो, पूर्वेला होजो, म्हणजे सोयरा कितीही गोड असला तरी आपण त्याच्या मिठीत गुदमरणार. कागेकात्सूला जिंकवलं तर तो उपकाराखाली राहील, मुलूखही मिळेल, पण होजो चिडणार. तिसरा रस्ता दोघांत समेट करायचा, आणि सुरुवातीला कात्सुयोरीनं तोच धरला होता, मध्यस्थी केली, थोडे दिवस ती टिकलीही. मग सुरुगाच्या बाजूला इएयासूनं हालचाल केली म्हणून तो परत फिरला, इकडं समेट मोडला, आणि १५७९ ला कागेतोरा हरून मेला. होजोंच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता, मेव्हण्यानं सोनं घेऊन आमचा भाऊ मरू दिला.

कात्सुयोरीनं बहीण किकुहिमे कागेकात्सूला दिली, मुलूख मिळाला, १५८० ला त्याचा सरदार सानादा मासायुकी यानं तिकडचा नुमाता किल्लाही घेतला. नकाशा बघितला तर फायदाच फायदा. पण १५७९ च्या शरदात होजो इएयासूला जाऊन मिळाले. आता पश्चिमेला नोबुनागा, दक्षिणेला इएयासू, पूर्वेला होजो. आणि ज्याच्यासाठी हे केलं तो कागेकात्सू घरच्या यादवीनं इतका पोखरला होता की वेळेला यायची ताकदच त्याच्यात राहिली नाही. मिळालं ते कागदावर जास्त, गेलं ते हाडामासाचं.

हा निर्णय मूर्खपणाचा होता का? मला नाही वाटत, त्यावेळी मीही कदाचित हेच केलं असतं. चूक झाली ती अर्धवट सोडून परत येण्यात. मध्यस्थ म्हणून उभं राहायचं असेल तर शेवटपर्यंत तिथं बसावं लागतं, नाहीतर जो हरतो त्याच्या घरचे मध्यस्थालाच धरतात.

तिसरा निर्णय: ताकातेन्जिनला मदत पाठवायची की नाही, १५८१

आता तो किल्ला. इएयासूनं ताकातेन्जिनभोवती एकेक करत छोटी ठाणी उभी केली, रसद तोडली आणि शांतपणे वाट बघत बसला. आत किल्लेदार ओकाबे मोतोनोबू. हा माणूस मुळात इमागावांचा, १५६० ला धनी मेल्यावरही नारुमी किल्ला अडवून बसला आणि नोबुनागाकडून धन्याचं शिर परत घेऊनच बाहेर पडला. असा निष्ठेचा माणूस आत उपाशी बसलेला, आणि त्याच्याबरोबरची शिबंदी वेगवेगळ्या प्रांतातून आलेली, काई, शिनानो, सुरुगा, सगळीकडची. म्हणजे प्रत्येक खोऱ्याचं कोणी ना कोणी आत.

कात्सुयोरीपुढं काय होतं? फौज घेऊन गेलो तर इएयासूशी आणि मागं नोबुनागाशी मैदानात गाठ, दुसरं नागाशिनो होईल, आणि पाठीवर होजो. नाही गेलो तर किल्ला जाणार. शिवाय त्याच सुमाराला तो नोबुनागाशी तहाचं बोलणं लावायच्या खटपटीत होता, आपल्याकडं असलेला नोबुनागाचा एक मुलगासुद्धा त्यानं परत पाठवून दिला. तह होतोय तर कशाला चिडवा, असा विचार असावा.

आतल्यांनी शरण येतो म्हणून निरोप पाठवला होता. आणि इथं नोबुनागाचं एक पत्र आहे, १५८१ च्या सुरुवातीचं, ते वाचून अंगावर काटा येतो. मतलब असा की शरणागती घेऊ नका. कात्सुयोरी मदतीला आला तर तिथंच निकाल लावू, नाही आला तर किल्ल्यातली माणसं धन्यानं वाऱ्यावर सोडली हे सगळीकडं पसरेल आणि सुरुगातले बाकीचे किल्ले आपोआप सुटतील. त्याला तो किल्ला नकोच होता, त्याला ती बातमी हवी होती.

कात्सुयोरी आला नाही. वसंतात ओकाबे उरलेली भुकेली माणसं घेऊन दार उघडून बाहेर पडला आणि सातशेच्या आसपास माणसं कापली गेली. तह तर झालाच नाही, नोबुनागा फक्त वेळ काढत होता.

त्याच वर्षी कात्सुयोरीनं निरासाकीजवळ शिनपू हा नवा किल्ला बांधायला काढला. शिंगेननं काईत मोठा किल्ला बांधलाच नाही, माणसं हाच किल्ला असं त्याचं म्हणणं होतं असं सांगतात. पोरानं माती-लाकडाचा किल्ला काढला, त्यासाठी वेठ आणि कर सगळ्या खोऱ्यांवर. लष्करी नजरेनं जागा उत्तम. पण विचार करा, आत्ताच ज्याचा भाऊबंद ताकातेन्जिनात उपाशी मेला त्याला सांगताय की धन्याच्या नव्या वाड्याला लाकूड ओढ.

परिणाम: चाळीस दिवस

१५८२ च्या सुरुवातीला किसो योशिमासा फुटला. शिंगेनचा जावई. कात्सुयोरीनं त्याची आई आणि मुलं मारली आणि फौज घेऊन सुवापर्यंत गेला, तेवढ्यात नोबुनागाचा मुलगा नोबुतादा पश्चिमेकडून, इएयासू दक्षिणेकडून, होजो पूर्वेकडून आत शिरले. वर आसामा डोंगरानं आग ओकली, लोकांनी म्हटलं आता देवही गेला. एकामागून एक किल्लेदार दारं उघडी टाकून पळाले. मग आनायामा फुटला, भाचा आणि जावई, त्यानं आपला मुलूख टिकवायचा सौदा केला. लढलं कोण तर ताकातो किल्ल्यावर कात्सुयोरीचा सावत्र भाऊ निशिना मोरिनोबू, तो एका दिवसात मारला गेला.

होजो घरातून आलेली कात्सुयोरीची बायको १९ वर्षांची. ताकेदांच्या हाचिमान देवळात तिच्या नावाचं साकडं जपून ठेवलंय, त्यात म्हटलंय की पिढ्यान्‌पिढ्यांचे चाकरही उलटले. तिचा स्वतःचा भाऊ तेव्हा शत्रूच्या बाजूनं चालून येत होता. माहेरी जा म्हटलं तरी ती गेली नाही.

तीन महिनेही राहून झाले नव्हते तो शिनपू किल्ला कात्सुयोरीनं स्वतःच्या हातानं जाळला. जायचं कुठं? सानादा म्हणत होता उत्तरेला माझ्या इवाबित्सू किल्ल्यावर चला, ओयामादा म्हणत होता पूर्वेला माझ्या इवादोनोवर चला. सानादा नवा, ओयामादा जुना आणि नात्यातला. कात्सुयोरी जुन्याकडं निघाला आणि ओयामादानं सासागो खिंड बंद केली. सुवात १५ हजारांची फौज होती, तेन्मोकुझान डोंगराखालच्या तानो गावात शंभरेक माणसं उरली, त्यातल्या निम्म्या बायका. ३ एप्रिल १५८२ ला कात्सुयोरी, त्याची बायको आणि १६ वर्षांचा नोबुकात्सू तिथंच संपले.

किसो, आनायामा, ओयामादा. पार्श्वभूमीत नावं घेतली होती तीच ही तीन.

काय वेगळं करता आलं असतं

नागाशिनोला माघार, हे सगळेच सांगतात, ते सोडून देऊ. माझ्या यादीत पहिलं म्हणजे ताकातेन्जिन १५७९ लाच सोडून द्यायला हवा होता, होजो उलटले त्या दिवशी. वेढा आवळायच्या आत माणसं बाहेर काढायची, किल्ला जाळायचा, अब्रू थोडी गेली असती पण माणसं घरी पोचली असती. त्याला ते जमलं नाही, कारण बापाला न मिळालेला किल्ला हीच त्याची एकमेव सनद होती. तात्पुरत्या खुर्चीवरचा माणूस असली गोष्ट हातातून सोडत नाही.

दुसरं, जायचं नव्हतं तरी निघायला हवं होतं. पाच हजार माणसं घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत जरी आला असता तरी धनी निघाला होता हे चार खोऱ्यांत पोचलं असतं. हे माझं मत, कोणी म्हणेल त्यानं नोबुनागाला हवी तीच लढाई मिळाली असती, आणि तेही खोटं नाही.

तिसरं शिंगेनच्या खात्यावर जातं. योशिनोबू गेल्यावर सहा वर्षं हातात होती, तेवढ्यात कात्सुयोरीला सरळ वारस म्हणून बसवून सगळ्या सरदारांकडून शपथा घ्यायला हव्या होत्या. त्यानं सरदारांकडून शपथपत्रं घेतली होती, पण ती स्वतःच्या नावानं.

पुढं काय झालं

ओयामादाला बक्षीस मिळालं नाही, धन्याला दगा दिला म्हणून नोबुतादानं त्याचंच डोकं उडवलं. जून १५८२ मधे, म्हणजे कात्सुयोरीनंतर तीन महिन्यांच्या आत, नोबुनागा क्योतोतल्या होन्नोजी देवळात स्वतःच्याच सरदाराच्या दग्यानं मेला, त्याच गोंधळात आनायामाही क्योतोजवळ मारला गेला. आणखी तीन महिने तग धरली असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

काई शेवटी इएयासूकडं गेलं आणि त्यानं ताकेदांची शेकडो माणसं चाकरीत घेतली, तानोला कात्सुयोरीच्या नावानं देऊळही बांधवलं. लाल चिलखतांची पलटण आधी त्या ओबू तोरामासाची होती, त्याच्यानंतर नागाशिनोत पडलेल्या यामागाताची, ती माणसं आणि तो रंग इएयासूनं आपला सरदार ई नाओमासा याला दिला. सानादांकडंही लाल रंग राहिला. १६१४ च्या हिवाळ्यात इएयासूनं ओसाकाच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तटाबाहेर ई घराण्याचे लाल चिलखतवाले सानादांच्या बुरुजावर चालून गेले, आणि आतून गोळ्या झाडणारेही लाल चिलखतातच होते.